वसाहतवादाची रूपे आणि मराठी समीक्षेची अर्धी नजर

मराठी समीक्षेत 'वसाहतवाद' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कादंबरीचा घाट फसला, की वसाहतवाद. भाषेत इंग्रजी शब्द शिरले, की वसाहतवाद. विद्यापीठाचा अभ्यासक्रम निर्जीव झाला, तरी वसाहतवादच. एकाच नावाने सगळ्या रोगांचे निदान होऊ लागले म्हणजे त्या नावाने कोणताच रोग धड ओळखता येत नाही. या शब्दाचे आज नेमके तसेच झाले आहे.

मी परळ-दादर भागातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्यासमोर बसणारी मुले लालबाग, नायगाव, वरळी, शिवडी इथली. त्यांतल्या अनेकांचे आजोबा गिरणीत होते. ही मुले उत्तरपत्रिकेत लिहितात, 'इंग्रजांनी आपली संस्कृती नष्ट केली.' यातले 'आपली' म्हणजे कोणाची, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांचा यात दोष नाही. ज्या पुस्तकांतून ती हे उतरवून घेतात, त्या पुस्तकांत त्यांचे आजोबा कुठेच नाहीत. ज्या इतिहासात आपण नाही, तो आपला म्हणून पाठ करणे हीसुद्धा एक गुलामगिरी आहे. म्हणून हा प्रश्न केवळ पारिभाषिक शब्दाचा राहत नाही.

१

प्रथम रूपांचा विचार करू. वसाहतवाद सगळीकडे एकाच तऱ्हेने चालला नाही. उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे गोरे लोक कायमचे राहायला गेले. त्यांना जमीन हवी होती, माणसे नको होती. म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांना मारले, हुसकले, राखीव मुलखात कोंडले. ही वसतीची वसाहत. कॅरिबियन बेटांत ऊस हवा होता आणि त्यासाठी हात हवे होते. म्हणून आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंबून आणली आणि मळ्यांवर जुंपली. ही मळ्यांची वसाहत. हिंदुस्थानात इंग्रज राहायला आले नाहीत. मूठभर अधिकारी, फौज आणि कचेरी यांच्या बळावर त्यांनी महसूल, कच्चा माल आणि बाजारपेठ ताब्यात ठेवली. ही कब्जाची वसाहत. चौथे रूप झेंडा उतरल्यानंतरचे. घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहून 'नववसाहतवाद' हा शब्द जगभर पोचवला. राष्ट्रगीत आपले, पण मालाची किंमत आणि कर्जाच्या अटी ठरवणारे दुसरे, अशी ही अवस्था.

ही रूपे एकमेकांपासून तुटलेली नव्हती. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हात कमी पडू लागले. मग कब्जाच्या वसाहतीतून मळ्यांच्या वसाहतीकडे करारबंद मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही गेली. मॉरिशसमध्ये आज मराठी समाज आहे, तो या मजुरांच्या वंशजांचा. परदेशातल्या मराठी संस्कृतीचा गौरव करताना तिथे गणपती बसतो हे आपण सांगतो. तो बसवणाऱ्यांच्या पूर्वजांच्या करारावर अंगठा कसा उमटला, हे सांगत नाही.

म्हणून वसाहतवादाकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. काय नेले गेले? मधला दलाल कोण होता? आणि श्रम कोणाचे, कोणत्या सक्तीने घेतले गेले? पहिला प्रश्न राष्ट्रवादी लेखकांनी विचारला आणि चोख विचारला. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्याच्या लुटीचा पाढा वाचला. पुढे दादाभाई नौरोजींनी तिचा हिशेब मांडला. दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र प्रस्थापित लेखनाने टाळला, कारण त्यांचे उत्तर स्वतःच्या घराजवळ येते.

२

मुंबईचीच जमीन पाहा. या बेटांवर वसाहतवादाचे एकेक रूप थरासारखे बसलेले आहे. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्यासोबत ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या विवाह-कराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. परळला आज हाफकिन संस्था आहे, ती वास्तू आधी जेझुइट पाद्र्यांची होती. मग ती गव्हर्नरचा बंगला झाली आणि १८९९ मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली. धर्म, राज्य आणि विज्ञान, तिघांचेही बिऱ्हाड एकाच जागी.

कंपनीच्या काळात आणि नंतरही मुंबईचे वैभव दोन मालांवर उभे राहिले: माळव्याची अफू आणि कापूस. अफू चीनला जाई, कापूस लँकेशायरला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, त्याच वर्षी वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. हे रूळ प्रवाशांच्या सोयीसाठी टाकले असे शाळेत शिकवतात. ते मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी आणि फौजेसाठी होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिथला कापूस बंद पडला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. शेअरबाजारातले बुडाले, त्यांची नावे इतिहासात आहेत. कापसाचे भाव पडल्यावर सावकाराच्या वहीत अडकलेला खान्देश-वऱ्हाडचा कुणबी आणि त्याच्या बांधावर राबणारा महार-मांग यांची नावे नाहीत.

आता दुसरा प्रश्न. हा माल आणणारा, कर्ज देणारा, कचेरीत दस्तऐवज लिहिणारा कोण होता? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण केला. त्यात त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्याचा ऐषआराम आणि भट कामगाराची लबाडी एकाच यंत्राची दोन चाके म्हणून दाखवली. गायरान-रान ओढून घेणारे जंगलखाते, कारागिराला बुडवणारा विलायती माल, वाढता सारा, सावकार आणि कुलकर्णी हे सारे त्यांनी एका चित्रात बसवले. कब्जाची वसाहत कशी चालते याचे इतके नेमके विश्लेषण त्या काळात मराठीत दुसऱ्या कोणी केले नाही. आणि तरीही वसाहतवादावरच्या मराठी चर्चेचा आरंभ चिपळूणकरांच्या निबंधमालेपासून करण्याची सवय आपल्याकडे आहे!

३

तिसरा प्रश्न श्रमाचा. इथे मला वतन, खोती आणि गिरणी या तीन गोष्टी एका ओळीत ठेवायच्या आहेत, कारण त्या तशाच घडल्या.

इंग्रजांनी गावची जुनी रचना मोडली, असे म्हणतात. जिथे मोडणे फायद्याचे होते तिथे मोडली. जिथे ठेवणे स्वस्त पडत होते तिथे कायद्याने बांधून ठेवली. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची गावकी सरकारी चौकटीत पक्की केली. सारा पोचवणे, दवंडी देणे, साहेबाचे सामान वाहणे, ही कामे रात्रंदिवस. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुते. आधुनिक म्हणवणाऱ्या राज्याने आपला सर्वांत खालचा नोकर पगाराशिवाय मिळवला, आणि तो जातीमुळे मिळवला. हे बंधन तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले. महार वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे इंग्रज गेल्यावर अकरा वर्षांनी.

रत्नागिरीत खोत होता. १८८० च्या कायद्याने त्याचे हक्क नोंदले गेले, पण खोती राहिली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. मधल्या काळात खोताच्या वेठीला आणि नापिकीला कंटाळलेला कोकणी माणूस बोटीने मुंबईला येत राहिला. गिरणीला मजूर आयता मिळाला, तो कुठून आणि का, याचे उत्तर इथे आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापली. गिरण्या बहुतांशी हिंदी भांडवलदारांच्या, यंत्रे लँकेशायरची. १८९६ मध्ये सरकारने हिंदी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. लँकेशायरच्या हितासाठी बसवलेली ही जकात उघड अन्याय होता आणि १९२६ मध्ये ती रद्द होईपर्यंत राष्ट्रवाद्यांनी तिच्यावर योग्यच झोड उठवली. पण कामाचे तास कमी करणारे १८८१ आणि १८९१ चे फॅक्टरी कायदे आले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेक वृत्तपत्रांनी त्यांनाही लँकेशायरचा डाव म्हणून विरोध केला. डाव होताच. पण म्हणून चौदा-चौदा तास उभे राहणाऱ्या बाईने आणि पोराने काय करायचे? याचे उत्तर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. साहेबाचा हेतू काय हे ओळखूनही त्याच्या कायद्यातून आपल्या माणसाला जे मिळेल ते घ्यायचे, ही त्यांची भूमिका होती. फुले-आंबेडकरी परंपरेची इंग्रजी राज्याकडे पाहण्याची ही खरी पद्धत आहे.

आणि गिरणीच्या आत? विणाई खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी बसवली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. यंत्र इंग्लंडचे, भांडवल मुंबईचे, कापूस वऱ्हाडचा आणि धोट्यावर कोणाचे ओठ लागावेत याचा निर्णय मनुस्मृतीचा! १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. मालकांचा पवित्रा असा की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही हा प्रश्न फुटीचा वाटत होता. माझे पणजोबा आणि आजोबा एका गिरणीच्या सूतखात्यात आयुष्य घालवून गेले. पणजोबांच्या उमेदीच्या काळात विणाईचे दार बंद होते. आमच्या घरात याला कोणी वसाहतवाद म्हटले नाही. पण त्या बंद दाराने वाचवलेली मजुरी मालकाच्या नफ्यात गेली, आणि त्या नफ्यातून यंत्राची किंमत विलायतेला. मग तो वसाहतवाद नाही तर काय?

४

गिरगावकडून पाहिलेला वसाहतवाद मुख्यतः शाळेचा आणि ग्रंथाचा आहे. इंग्रजी शिक्षणाने मन परके केले, ही त्याची मुख्य तक्रार. ही तक्रार खोटी नाही. पण ज्याला त्या शाळेत पाऊलच ठेवू दिले नाही, त्याचे मन परके कसे होणार?

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना शिक्षणाचे धोरण ठरत होते. खालच्या जातींची मुले चांगली शिकतात हे त्यांना ठाऊक होते. तरीही शिक्षणाची सुरुवात त्यांच्यापासून केली तर ते वरच्या जातींत पसरणार नाही आणि आपले राज्य अप्रिय होईल, असा धोक्याचा इशारा त्यांनी आपल्या टिपणात दिला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे दाद मागितली. सरकारने तत्त्व मान्य केले आणि एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल म्हणून हस्तक्षेप टाळला. फौजेतही तेच. कंपनीच्या मुंबई फौजेत महार भरपूर होते. राज्य स्थिर झाले आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली.

यातून एक गोष्ट आपल्या चळवळीलाही ऐकून घ्यावी लागेल. 'इंग्रजांमुळे आम्ही माणसात आलो' असे आपल्या सभांतून सहज म्हटले जाते. फौजेतली शाळा, रेल्वेची आणि गोदीची नोकरी, कायद्यापुढची कागदोपत्री समता यांनी वाट उघडली, हे खरे. पण ती वाट राज्याच्या गरजेपुरती उघडत होती आणि गरज संपली की बंद होत होती. तिच्यात पाय अडकवून ती उघडी ठेवली आपल्या माणसांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला हेच सुनावले की, सारा भरतो शेतकरी आणि त्यावर शिकतात वरच्या जातींची मुले. बाबासाहेबांचा एम. ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा आणि १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला. गोलमेज परिषदेत १९३० साली त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की, तुमच्या राज्याआधी आम्हाला विहीर, देऊळ, पोलीस बंद होते. आता कोणते उघडले? वसाहतीच्या तिजोरीचा इतका अभ्यास केलेल्या माणसाला 'इंग्रजधार्जिणा' म्हणणाऱ्यांनी त्यांचे अर्थशास्त्र वाचलेले नाही. आणि त्यांना केवळ इंग्रजांचे ऋणी ठरवणाऱ्या आपल्या लोकांनीही वाचलेले नाही.

५

आता साहित्यसमीक्षेकडे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी समीक्षेला मध्यमवर्गीय अनुकरणाच्या कोंडीतून बाहेर काढले, हे मान्य केले पाहिजे. इंग्रजी नमुन्यांपुढे मान तुकवणाऱ्या लेखकाला त्याने जमिनीकडे वळवले. पण जमीन म्हटली की तिचा मालक कोण, हा प्रश्न येतो. वसाहतवाद बाहेरून आला आणि त्याने आतली सलग परंपरा तोडली, असे मानले की आतल्या उतरंडीला आपोआप अभय मिळते. माझे म्हणणे असे की, वसाहतवादाने देशी रचना फक्त तोडली नाही, तिच्यातला सर्वांत कठोर भाग त्याने वापरला. वतन देशीच होते. खोत देशीच होता. विणाई खात्याची बंदी शंभर टक्के देशी होती.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. आपल्या समीक्षेने तिला साहसकथा म्हणून बाजूला ठेवले. वास्तविक कब्जाची वसाहत गावात कशी उतरते याचा हा मराठीतला मोठा दस्तऐवज आहे. मांगवाड्यात उपासमार आहे, त्याच वेळी धान्याची कोठारे भरलेली आहेत. सरकार मांगांवर हजेरी लादते. १८७१ मध्ये आलेल्या आणि १९११ पासून देशभर पसरलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच हजेरी लाखो माणसांच्या गळ्यात बांधली होती. जन्माने गुन्हेगार ही कल्पना साहेबाने कायद्यात लिहिली, पण जन्माने नीच ही कल्पना त्याला गावात तयार मिळाली. फकिरा धान्य लुटतो आणि सरकारी खजिनाही लुटतो. लेखकाला दोन्ही कोठारांचा संबंध कळलेला आहे. मांगांच्या बाजूने उभा राहणारा विष्णुपंत कुलकर्णीही अण्णा भाऊंनी त्याच कादंबरीत रंगवला. म्हणजे त्यांचा रोख माणसावर नाही, यंत्रणेवर आहे. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या या लेखकाने वसाहतवादाचा जो अर्थ कथेत बसवला, तो पकडायला आपल्या समीक्षेजवळ परिभाषाच नव्हती. त्रुटी कादंबरीची ठरवली गेली!

६

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे गिरणगाव त्यात मोडले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन शहर, घरबांधणी आणि मालक यांत वाटायचे ठरवले. २००१ च्या दुरुस्तीने त्या वाटणीतली फक्त मोकळी जमीन धरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आज लोअर परळच्या काचेच्या इमारतींत जगभरच्या कंपन्यांचे काम चालते. तेच तीन प्रश्न तिथेही विचारता येतात. जमिनीची किंमत कोणाच्या श्रमाने वाढली होती? मधला दलाल कोण? आणि त्या इमारतींचे संडास आज कंत्राटावर कोण साफ करते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटावरच्या आडनावांत मिळते.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना एक काम सुचवतो. गिरणगावातल्या घराघरांत अजून जुनी हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, गावच्या वतनाचे कागद ट्रंकांत पडून आहेत. म्हाताऱ्या माणसांना विचारले तर कोणत्या खात्यात कोण होते, मुकादम कोणाचा, चाळीत पाण्याचा नळ कोणाचा, हे सारे ते सांगतात. विद्यार्थ्यांना या कागदांपाशी बसवा. 'असूड' आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ अभ्यासक्रमात एकत्र ठेवा, आणि 'फकिरा' त्यांच्याशेजारी. वसाहतवादाचा सिद्धान्त बाहेरून उसना आणायची गरज नाही. तो इथे लिहिला गेला आहे. आता उत्तरपत्रिकेत 'आपली' हा शब्द लिहिणाऱ्या मुलाला, तो कोणासाठी लिहीत आहे, हे माहीत असले पाहिजे.